पुठ्ठ्यावरचे डाग

आम्ही मेहकर तालुक्यातल्या डोणगावच्या बचत गटातल्या बाया बोलतो आहोत. पापड-लोणच्यावर आणि कर्जाच्या हप्त्यांवर आपलं पुष्कळ बोलून झालं. आज गाडीच्या इंजिनवर बोलायचं आहे. हसू आलं तर हसून घ्या, आधी आम्हीही हसलोच होतो.

गटाकडे एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे, चार सिलिंडरची. कर्ज काढून घेतली, हप्ते अजून चालू आहेत. तूरडाळ, मिरचीपूड, मसाले घेऊन ती मेहकरच्या बाजाराला जाते. आमच्यातल्या दोघींनी लायसन काढलं, त्याच चालवतात. पावसाळा सरला आणि गाडी झटके द्यायला लागली. उभ्या जागी थरथरायची, चढाला दम नाही, मागून कच्च्या पेट्रोलचा वास, समोर इंजिनचा पिवळा दिवा. आणि जिथे उभी राहायची तिथे मातीवर काळा डाग.

एका मेकॅनिककडे नेली. त्यानं पाच मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाला, "बाई, इंजिन गेलं. पूर्ण उघडा लागते." खर्चाचा आकडा ऐकून आमच्या बैठकीत दोन तट पडले. निम्म्या म्हणाल्या, विका भंगारात. घरोघरचे पुरुषही म्हणाले, गाडी-इंजिन बायांचं काम नाही, आधीच सांगितलं होतं. मग आमच्यातल्या वयानं मोठ्या काकू बोलल्या, "नाडी न पाहता डॉक्टर ऑपरेशन सांगते का वं?" तिथेच ठरलं, दुसऱ्याला दाखवायची आणि आपण शेजारी उभं राहून पाहायचं.

आता गाडी मिसिंग मारते म्हणजे काय, ते जसं समजलं तसं सांगतो. चौघी पाळीपाळीनं उखळात मुसळ मारत असल्या आणि एकीचा घाव चुकला, तर ताल मोडतो. इंजिनचं तसंच. प्रत्येक सिलिंडरला हवा, पेट्रोल, ठिणगी आणि आतला दाब लागतो. यातलं एक कमी पडलं की तो सिलिंडर आपली पाळी चुकवतो. न जळालेलं पेट्रोल तसंच मागे जातं, म्हणून तो वास. हे पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतल्या धूर साफ करणाऱ्या डब्यात जाऊन जळतं, आणि तो महागाचा डबा खराब होतो. इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर गाडी ताणू नका, बाजूला घ्या.

दुसऱ्या मेकॅनिकनं गाडीला स्कॅनर लावला. त्यावर आलं, पी ०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दुसरा सिलिंडर. पी ०३०० आलं असतं तर एकच सिलिंडर धरता आला नसता. पण हे लक्षात ठेवा, यंत्र फक्त जागा सांगतं, कारण नाही. मग त्यानं इंजिन थंड होऊ दिलं आणि दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरची कॉइल, म्हणजे ठिणगीला वीज देणारा भाग, आपसात बदलली. पुन्हा पाहिलं तर पी ०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच बिघडलेली. या परीक्षेला एक रुपयाचा सुटा भाग लागला नाही.

पण कॉइल का बिघडली? प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात बॅटरी मारली, तर तळाशी ऑइल साचलेलं. इंजिनच्या वरच्या झाकणाचं, टॅपेट कव्हरचं, रबरी पॅकिंग उन्हातान्हात कडक होऊन गेलं होतं. तेच ऑइल बाहेरून ओघळून मातीवर डाग पडत होता आणि आतून प्लगच्या भोकात उतरत होतं. आम्ही दोन दुखणी समजत होतो, मूळ एकच निघालं. नुसती कॉइल बदलली असती तर नवीही त्याच ऑइलमध्ये बुडाली असती. पॅकिंग, प्लगचे सील, चार प्लग आणि एक कॉइल एवढ्यात काम झालं. पहिल्या आकड्याच्या मानानं खर्च किरकोळ.

बायांचं काम नाही म्हणणाऱ्यांना आम्ही आता जर्मनीतल्या बर्था बेंझची गोष्ट सांगतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, त्यानंच बनवलेली मोटार काढून दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. शंभराहून जास्त किलोमीटर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. गॅरेज कुठून असणार, तिच्याआधी एवढ्या लांब मोटार कोणी नेलीच नव्हती!

तेव्हापासून आम्ही रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरतो. सकाळी डाग पाहायचा. काळा-तपकिरी, बुळबुळीत असला तर इंजिन ऑइल. हिरवा किंवा गुलाबी, गोडसर वासाचा असला तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, तेलकट थेंब म्हणजे ब्रेक ऑइल असू शकतं. असा थेंब दिसला किंवा पेडल खाली बसू लागलं तर गाडी जागची हलवायची नाही, मेकॅनिकला घरी बोलवायचं. पेट्रोलचा वास आला तर जवळ काडी नको, बिडी नको, स्टार्टरही मारू नका. एसीच्या गाडीखालचं साधं स्वच्छ पाणी मात्र सोडून द्या.

कूलंटवर जरा थांबतो, कारण दारात शेळ्या आहेत, कुत्री आहेत, लहान लेकरं आहेत. ते चवीला गोड लागतं आणि विषारी असतं. सांडलं की माती टाकून उचला, उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं.

इंजिन खरंच उघडावं लागतं त्याच्या खुणा वेगळ्या. कूलंट कमी होतं पण पुठ्ठा कोरडा. सकाळी सुरू करताना मिनिटभर झटके, मग सुरळीत. गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर. ऑइलची पट्टी काढली तर दुधाच्या चहासारखा रंग. हे दिसलं तर हेडचं पॅकिंग गेल्याचा दाट संशय घ्यायचा आणि गाडी चालवायची नाही. पहिल्या मेकॅनिकनं यातलं काहीच पाहिलं नव्हतं, आमचा राग त्यावर आहे.

ऑइलची पट्टी आठवड्याला पाहा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. पुसून पुन्हा बुडवा, ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. आणि चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला तर घर जवळ आलं म्हणून पुढे जाऊ नका, तिथेच इंजिन बंद.

मागच्या आठवड्यात पुठ्ठ्याच्या पुढच्या बाजूला हिरवे थेंब दिसले. पाइपाची पट्टी सैल झाली होती. गाडी थंड असताना स्क्रू आवळला, कूलंट खुणेपर्यंत भरलं. आज सकाळी पुठ्ठा कोरडा होता, आणि गाडी मिरची घेऊन मेहकरला गेली आहे.