सरकारी वळू आणि एक्क्याची घोडी

लखनौचे नाव निघाले की इमामबाडा, ठुमरी आणि चिकनचे भरतकाम यांची आठवण मराठी माणसाला चटकन होते. त्या शहराचे प्रवासी आणि त्याचा बाजार पिढ्यान्पिढ्या ज्याने वाहून नेला, तो एक्क्याचा घोडा मात्र क्वचितच कोणाला आठवतो. एक्का म्हणजे दोन चाकांचे, एका घोड्याचे, मांडी घालून बसायचे वाहन. त्याला जुंपलेले तट्टू खांद्याशी चार-सव्वाचार फूट उंच, हाडापेराने बारीक, पण चिवट असे. हरभऱ्याची मूठभर चंदी आणि चिपाडे खाऊन ते दिवसभर दुडक्या चालीने धावत असे. या तट्टाची वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही. ते खेड्यातल्या एखाद्या घोडीच्या पोटी जन्माला येई आणि जत्रेत विकले जाई. लखनौजवळ, बाराबंकी जिल्ह्यात, देवा शरीफची जत्रा भरते, तेथील जनावरांचा बाजार त्या भागात प्रसिद्ध आहे.

अशा गावठी घोडीला जातिवंत वळू घोडा दाखवावा, म्हणजे तिचे शिंगरू मोठे, बळकट आणि ओढीच्या कामाला समर्थ निपजेल, ही कल्पना सरळ आणि मोहक आहे. तिच्यासाठी या देशात दोनशे वर्षांहून अधिक काळ राज्यकर्त्यांनी पैसा आणि बुद्धी खर्च केली. तिला आलेले यश मात्र फार तुटपुंजे आहे. तसे का झाले, याचा शोध घेतला तर घोड्यापेक्षा माणसाविषयीच अधिक कळते.

ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस बिहारमधील पुसा येथे घोड्यांची पैदास सुरू केली. 1808 साली तिची सूत्रे विल्यम मूरक्रॉफ्ट या पशुवैद्याकडे आली. पैदासीची रीत अशी, की घोडी शेतकऱ्याच्या दारात राहावी, वळू सरकारचा असावा आणि शिंगरू विकत घेण्याचा पहिला हक्क कंपनीचा असावा. मूरक्रॉफ्टला पैदाशीतल्या घोड्यांचे हाड आणि कद पसंत नव्हते. चांगल्या रक्ताच्या शोधात तो लडाख, काश्मीर, काबूल असे करीत थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर 1825 मध्ये वारला. वळूसाठी इतकी पायपीट क्वचितच कोणी केली असेल. पुढे 1870 नंतरच्या दशकात या सरकारी पागा बंद झाल्या. त्यांच्या जागी जिल्ह्याजिल्ह्यांत वळू ठेवण्याची पद्धत आली. अरबी घोडे, विलायती शर्यतीच्या रक्ताचे घोडे आणि नॉरफोकचे दुडक्या चालीचे घोडे बोटीने आणून मेरठ, बुलंदशहर अशा जिल्ह्यांत बांधण्यात आले. पसंत पडलेल्या घोडीवर डाग देत आणि डागलेल्या घोडीला वळू फुकट मिळे. 1903 नंतर निवडक जिल्ह्यांतील हे काम लष्कराच्या रिमाउंट खात्याने हाती घेतले.

सरकारला हवा होता स्वाराचा घोडा आणि तोफ ओढणारा घोडा. शेतकऱ्याला यांपैकी एकही नको होता. त्याचा नांगर बैल ओढत होता, गाडीही बैलच ओढत होता. घोड्याचा त्याला उपयोग एकच, एक्क्याला जुंपणे किंवा एक्केवाल्याला विकणे. मोठ्या हाडाच्या शिंगराला चंदी दुप्पट लागते. एक्केवाला मात्र त्यासाठी दुप्पट किंमत देत नाही. शिवाय घोडी अकरा महिने गाभण राहते आणि शिंगरू कामाला लागायला निदान तीन वर्षे जातात. आज फुकट मिळालेल्या वळूचे फळ असे चार वर्षांनी हाती येते, आणि ते विकत घेणारे साहेब त्या वेळी नापसंत म्हणाले तर सगळा खर्च मालकाच्या माथी. पंजाबच्या कालव्यांच्या प्रदेशात सरकारने यावर एक जालीम तोड काढली. घोडी पाळण्याच्या अटीवरच जमीन द्यायची! ‘घोडीपाल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या जमिनींनी घोड्या पुष्कळ उभ्या केल्या, पण अटींचा काच मालकांना सदैव जाचत राहिला.

फ्रान्स व इंग्लंडमधील स्थिती अगदी निराळी होती. तेथे नांगर घोडाच ओढी. पर्शेरॉन आणि शायर या अवजड जातींचे वळू, एकेकाचे वजन टनाच्या आसपास, विणीच्या हंगामात मोतद्दाराबरोबर गावोगाव पायी फिरत. शेतकरी वर्गणी करून वळू ठरवीत, कारण त्याचे शिंगरू त्यांच्याच शेतात राबणार असे. सदोष वळू फिरू नयेत म्हणून ब्रिटनने 1918 साली परवान्याचा कायदाही केला. शेतकऱ्याची गरज आणि वळूची जात तेथे एकमेकांना धरून होती.

आता घोडीचा विचार केला पाहिजे, कारण वळूच्या गौरवात तिचा विसर पडतो. 1938 साली केंब्रिजचे संशोधक वॉल्टन आणि हॅमंड यांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. धिप्पाड शायर आणि बुटके शेटलंड तट्टू यांचा त्यांनी कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर घोडीच्या पोटचे शिंगरू जन्मतःच मोठे निघाले. शेटलंड घोडीच्या पोटचे, बाप शायर असूनही, लहानच जन्मले, आणि पुढेही ते पहिल्याच्या बरोबरीला आले नाही. खाण तशी माती, ही आपली म्हण प्रयोगशाळेत अशी खरी ठरली. अर्धपोटी घोडीपुढे टनभर वजनाचा वळू उभा करून सुधारणा होत नाही, हे एखाद्या अनुभवी साईसाने कोणताही प्रयोग न करता सांगितले असते.

आणखी एक धोका होता. डूरीन नावाचा रोग घोडा-घोडीच्या संगातूनच पसरतो. एका हंगामात अनेक घोड्यांना दाखविलेला एक रोगी वळू म्हणजे घरोघर पोचविलेला रोगच. 1910 साली यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात रोगी वळू खच्ची करण्याची आणि रोगी घोडी मारून टाकण्याची तरतूद होती. हा कायदा पुढे 2009 च्या व्यापक कायद्यात विलीन झाला. ज्याची एकुलती एक घोडी अशी मारली गेली असेल, त्याच्या गावात पुढच्या वर्षी वळू घेऊन येणाऱ्याचे स्वागत कसे झाले असेल, याची कल्पना करता येते.

महाराष्ट्रालाही हा इतिहास परका नाही. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत दक्षिणी घोड्या आणि अरबी रक्त यांच्या मिलाफातून भीमथडीचे तट्टू घडले. मराठी फौजा त्याच्या पाठीवर अटकेपर्यंत गेल्या, कारण स्वाराला हवे ते गुण त्याच्यात होते आणि ते पाळणारा बहुधा स्वतःच स्वार होता. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील आळेगाव येथे इंग्रजांनीही एक सरकारी पागा काढली होती. ती काही वर्षांतच मोडली. भीमथडी मात्र धनगरांच्या कळपांबरोबर बिऱ्हाड वाहत टिकून राहिली, आणि आता कुठे तिला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली आहे.

आज लखनौच्या रस्त्यांवर विजेच्या रिक्षा धावतात. टांगा इमामबाड्याच्या परिसरात प्रवाशांच्या हौसेपुरता उरला आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती, 2019 मध्ये ती सुमारे 3 लाख 40 हजार राहिली. त्यांतील सर्वांत मोठा हिस्सा अजूनही उत्तर प्रदेशाचाच आहे. तेथे कितीतरी तट्टे आणि खेचरे वीटभट्ट्यांवर कच्च्या विटा ओढतात. हिस्सारला 1985 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने गोठविलेल्या वीर्याची विद्या आत्मसात केली आहे. आता वळूने पायी फिरण्याचे कारण नाही. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून तो नळीत बसून येतो. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानाची मदत घोडे, गाढवे, खेचरे आणि उंट यांनाही लागू केली. पैदाशीच्या उद्योगाला निम्मे अनुदान, कमाल 50 लाख रुपये, अशी ती योजना आहे.

पण घोडी अलंगेवर आली, म्हणजे माजावर आली, की तो काळ पाच-सात दिवसांचा असतो. गोठविलेले वीर्य पोटात फार तास टिकत नाही, म्हणून बीज सुटण्याची वेळ नेमकी साधण्यासाठी पशुवैद्याला वारंवार तपासावे लागते. त्या दिवसांत भट्टीवरची घोडी कामाला गेली नाही तर घरात मजुरी येत नाही. गाभणपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तिला ओझ्याखाली घालता येत नाही आणि चंदी तर वाढवावीच लागते. तेवढ्या महिन्यांची चंदी कोण देणार, हे वळू कोठला आणि कोणत्या रक्ताचा हे विचारण्याआधी भट्टीवरचा तट्टूवाला विचारतो.