बाळंतपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

(पेठ, जि. नाशिक येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पहिले बाळंतपण, रजा आणि घरखर्च या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. समोर जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आहेत, अंगणवाडीच्या सेविका-मदतनीस आहेत, आशाताई आहेत. मागे भिंतीला टेकून द्राक्षबागांवर कामाला जाणाऱ्या बाया बसल्या आहेत. ‘रजा’ म्हटल्यावर पुढच्या काहीजणींनी माना डोलावल्या. मागे कोणाचीच मान हलली नाही. म्हणून आधी रजा कोणाला मिळते ते पाहू.

ही रजा कोणी दयेने दिलेली नाही. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये कारखान्यातल्या बायांसाठी प्रसूती लाभाचा कायदा केला. आदल्या वर्षी त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदेमंडळात बोलले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९६१ च्या कायद्याने १२ आठवडे दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ते २६ झाले. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेले असावे, एवढीच अट. मार्च २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायांनाही हा लाभ मान्य केला. कायम नोकरी नाही म्हणून हक्क नाही, हे म्हणणे त्या निकालाने खोडून काढले.

आता मागच्या रांगेकडे या. दिवाळी झाली की पेठ, सुरगाण्याची माणसे दिंडोरी, निफाडकडे जगायला जातात. छाटणी, डिपिंग, विरळणी, खुडा, ही कामे हंगामभर चालतात. ८० दिवस तर सहज भरतात. पण आज या बागेत, उद्या त्या बागेत, एकराच्या उक्त्यावर. हजेरी लागते ती मुकादमाच्या वहीत, तीही टोळीच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. बाईचे काम कागदावर उमटतच नाही, मग रजा कोण देणार?

तिच्यासाठी आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये. गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाली की ३,०००, बाळाच्या जन्माची नोंद आणि लसींची पहिली फेरी झाली की २,०००. कायद्यातले २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, मजूर बाईनेही घ्यायचे म्हटले तर या योजनेचे दिवसाला २७ रुपये पडतात.

चला, एक हिशेब मांडू. समजा, तिची मजुरी रोज ३०० रुपये आणि काम महिन्याला २० दिवस. सहा महिन्यांत ३६,००० रुपये बुडाले. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. लेकीला शेक-शेगडी करायला, बाळाला न्हाऊ घालायला तिची आई घरी राहते. तीही मजूरच. तिचे दोन महिने धरले तर आणखी १२,००० गेले. एका बाळासाठी दोन बायांची मिळून ४८,००० रुपयांची मजुरी बुडाली आणि हातात आले ५,०००. उरलेले ४३,००० कोणी भरले?

कोणी भरले ते सांगते. बाळंतिणीने स्वतःच्या ताटातून भरले. तिच्या आईने भरले. बचत गटाच्या कर्जाने भरले. आणि मुकादमाच्या उचलीने भरले. उचल घेतली की सव्वा महिन्याचे बाळ झोळीत टाकून बागेत जावे लागते. घरात विचारा, बाळंतपणाला किती खर्च आला? डिंक, खोबरे, तूप, गाडीभाडे, बारसे, सगळे सांगतील. बुडालेली मजुरी कोणी सांगणार नाही. कारण ती बाईची मजुरी आहे आणि ती आपण जमेतही कधी धरलेली नव्हती.

पुढच्या रांगेतल्या मैत्रिणींनी आपण सुटलो असे समजू नये. तुमची १८० दिवसांची रजा पगारी आहे. पण या सहा महिन्यांत काय होते? बाई घरात असते, बँकेत जाणे होत नाही, एटीएम कार्ड नवऱ्याकडे जाते. ‘तू कशाला दगदग करतेस, मी बघतो.’ पगार तिचा, कारभार त्याचा. रजा संपते, कार्ड परत येत नाही. नाशिकच्या प्लॉटचा हप्ता तिच्या पगारातून सुरू झालेला असतो आणि कागदावर तिचे नाव नसते. मागचीची मजुरी बुडते, तुमच्या हातून निर्णय जातो. दोघींचीही गोष्ट एकच आहे. बाळ घराचे, वंश घराचा, आणि भुर्दंड बाईचा.

मग काय करायचे? काही गोष्टी घरात करायच्या आहेत. पाचव्या महिन्याच्या आत नवरा, सासू, सगळ्यांनी बसून वही मांडायची. खर्चाच्या बाजूला पहिली ओळ लिहायची, आईची बुडणारी मजुरी. ती ओळ लिहिली की नवऱ्याची तंबाखू, मोबाइलचा हप्ता, बारशाचे जेवण यांतले काय कमी करायचे ते आपोआप बोलले जाते. भात, नागली खळ्यावरून लगेच विकायची नाही, बाळंतिणीच्या सहा महिन्यांची बाजूला काढायची. उचल घ्यावीच लागली तर नवऱ्याने एकट्याच्या नावावर घ्यावी, जोडीच्या नावावर नको. खाते तिचे, पासबुक तिच्या उशाशी, कार्ड तिच्या हातात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि गाडी फुकट आहेत, २०११ पासून तसा कार्यक्रम आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. तिचे एक वेळचे जेवण अंगणवाडीत बसूनच खा, डबा घरी नेला की तो सगळ्यांत वाटला जातो.

काही गोष्टी गटात करायच्या आहेत. बाळंतिणीचा हप्ता सहा महिने थांबवायचा आणि त्यावर दंड लावायचा नाही, असा ठराव प्रत्येक बचत गटाने करावा. सेविका आणि आशाताईंनी दिवाळीआधीच, बाया गावात असताना, मातृवंदनेचे अर्ज भरून घ्यावेत. बाई बागेवर आणि कागद गावात, अशाने दुसरा हप्ता अडकतो.

पण घरातली काटकसर आणि गटाचे कर्ज यांनी ४३,००० ची भोके बुजत नाहीत. ती बुजवणे सरकारचे काम आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. योजना आली २०१७ मध्ये, ती ५,००० ची आणि पहिल्याच बाळापुरती. २०२२ पासून दुसऱ्या बाळाला ६,००० मिळू लागले, पण ते मुलगी झाली तरच. तामिळनाडूत १९८७ पासून राज्याची स्वतःची योजना आहे आणि ती रक्कम १८,००० पर्यंत गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० च्या कराराप्रमाणे किमान १४ आठवडे आणि कमाईच्या निदान दोन तृतीयांश रक्कम मिळायला हवी. आपल्या बाईच्या कमाईच्या दोन तृतीयांश म्हणजे किती, ते वहीत मांडा आणि २७ रुपयांशेजारी लिहा.

म्हणून आज इथे तीन मागण्यांचा ठराव करू. मातृत्वाचा लाभ किमान वेतनाशी जोडा आणि २६ आठवड्यांचा करा. द्राक्षबागांवर बाईची हजेरी तिच्या स्वतःच्या नावाने लावा. आणि स्थलांतराच्या ठिकाणी तपासणी, लस, आहार आणि पाळणाघर द्या. ठरावाखाली सह्या आणि अंगठे घेऊन तो तहसीलदारांना आजच देऊ. शिक्षिकांनी लिहायला बसावे, आणि पहिली सही मागच्या रांगेतून येऊ द्या.