फ्रीजखाली पाणी का साचते?



आपल्या खानदेशातले वैशाखाचे ऊन कसे असते, ते तुम्हांला सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. धुळ्याकडेही तीच तऱ्हा. अशा दिवसांत घरात फ्रीज असला म्हणजे दूध नासत नाही. आजारी माणसाचे औषध टिकते. पण एके सकाळी फ्रीजखाली पाण्याचे तळे दिसते. वरच्या खणात बर्फही होत नाही. घरात ओरड होते, "फ्रीज गळतोय! मिस्त्रीला बोलवा!" मिस्त्री जरूर बोलवावा. पण त्याआधी आपण काय पाहावे आणि काय मुळीच करू नये, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट जिवाची. ओल्या फरशीवर उभे राहून फ्रीजला हात लावू नका. पायांत कोरडी चप्पल घाला. हात कोरडे करा. आधी बटण बंद करा, मग पिन काढा. बटणापाशीच पाणी असेल, तर घराचा मेन स्विच बंद करा. मगच फरशी पुसा. फ्रीजची पिन तीन पायांची असते. तिसरा पाय जमिनीशी जोडलेल्या तारेचा, म्हणजे अर्थिंगचा. तो कापून कोणी दोन पायांची पिन बसवली असेल, तर ती आजच बदलून घ्या.

आता पाणी येते कोठून? तांब्यात बर्फाचे पाणी ठेवून पाहा. थोड्या वेळात तांब्याला बाहेरून घाम येतो. ते पाणी तांब्यातून झिरपले काय? नाही. हवेतला ओलावा थंड तांब्याला लागला आणि त्याचे पाणी झाले. फ्रीजचे दार उघडले की अशीच ओलसर हवा आत जाते. बर्फाच्या खणाला लागून तिचे हिम होते. हिम वितळले की पाणी होते.

या पाण्याला बाहेर जायला वाट ठेवलेली असते. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फडपद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतात जाते. पाटात गाळ साचला की पाणी काठावरून भलतीकडेच जाते. फ्रीजचेही तसेच. आत मागच्या बाजूला एक लहान भोक असते. त्यातून पाणी नळीने मागे उतरते. मागे मोटरीच्या वर एक ताटली असते. मोटरीच्या उष्णतेने त्यातले पाणी हवेत उडून जाते. काही जुन्या फ्रीजमध्ये मात्र बर्फाच्या खणाखालची ताटली हातानेच रिकामी करावी लागते.

म्हणून आधी पाणी कोठे आहे ते पाहा. आत, भाजीच्या डब्याखाली असेल, तर भोक तुंबले आहे. कोथिंबिरीचे एखादे पानही त्याला पुरते. फ्रीज बंद ठेवून सगळे हिम वितळू द्या. मग कोमट पाणी हळूहळू भोकात सोडा. तार किंवा सुई खुपसू नका. नळी फाटेल. पाणी मागच्या ताटलीत उतरले म्हणजे पाट मोकळा झाला. पाणी मागच्या बाजूलाच असेल, तर ताटली तडकली आहे काय ते पाहा.

बर्फ का होत नाही? पुष्कळदा दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच असते. ते म्हणजे दाराचे रबर. एक कागद दारात धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला, तर रबर सैल आहे. बाहेरची हवा सारखी आत शिरते. हिमाचा जाड थर चढतो. तो गोधडीसारखा मध्ये येतो. थंडी पाण्याच्या भांड्यापर्यंत पोचत नाही. रबर मळले असेल, तर साबणाच्या पाण्याने पुसा. फाटले असेल, तर बदला. बोटभर जाडीचे हिम चढायच्या आतच वितळवण्याचे बटण दाबा. फ्रीज पुढून किंचित उंच ठेवा, म्हणजे दार आपोआप मिटते. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. ऊन ऊन दूध आत ठेवू नका. एवढे करूनही बर्फ झाला नाही, तर दोष आतल्या यंत्राचा किंवा विजेच्या कमी दाबाचा असेल. ते काम मिस्त्रीचे.

आणि हे नीट ध्यानात ठेवा. हिम काढायला सुरी, उलथणे, पेचकस काही वापरू नका. बर्फाच्या खणाच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. एक भोक पडले की गॅस जातो, आणि दुरुस्तीचा खर्च हजारांत जातो. पुष्कळ नव्या फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो. तसे झालेच, तर दारे-खिडक्या उघडा. चूल, काडी, विजेचे बटण यांना हात लावू नका. बाहेर या.

घरात कोणाचे इन्शुलिन असेल, तर फ्रीज बंद करण्याआधी ते शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवायला द्या. न उघडलेल्या इन्शुलिनला २ ते ८ अंशांची थंडी लागते. पण ते बर्फाच्या खणात किंवा त्याला लागून ठेवू नका. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले, तरी टोचून घ्यायचे नसते. ते टाकूनच द्यावे.

१८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजाने चार महिन्यांचा प्रवास करून बर्फ कलकत्त्याला आला होता. वाटेत त्यातला कितीतरी वितळून गेला. आज तोच बर्फ आपल्या घरात तयार होतो. शेताचा पाट आपण हंगामाआधी साफ करतो. तसा फ्रीजचा हा लहानसा पाट दर महिन्याला पाहत जा. माय-बहिणींनो, घरातल्या मोठ्या मुलांनाही तो दाखवून ठेवा.