एकाच सालचे दोन शिल्पकार

मंडळी, विषय शिल्पकलेचा आहे म्हटल्यावर पहिली पाळी आटोपून थेट इथे आलेल्यांनी जरा चुळबुळ केली. पण बसा. भोसरी-चाकणच्या फौंड्रीत काम करणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल, असाच हा विषय आहे.

1891 साल. मे महिन्यात इजिप्तमध्ये, नाईलच्या मुखाकडच्या एका खेड्यात महमूद मुख्तार जन्मला आणि ऑक्टोबरात अलिबागजवळच्या सासवण्यात विनायक पांडुरंग करमरकर. दोन्ही मुलुखांवर इंग्रजांचा अंमल, दोघांचेही हात लहानपणापासून मातीत. मुख्तार 1908मध्ये कैरोतल्या नव्या कलाशाळेत गेला आणि तिथून पॅरिसला. इकडे करमरकरांनी सासवण्याच्या देवळात शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि मुलाची जे. जे. स्कूलला जायची सोय झाली. पुढे कलकत्ता, मग 1920मध्ये लंडनची रॉयल अकादमी.

पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये मुख्तारला पोटासाठी दारूगोळ्याच्या कारखान्यात राबावं लागलं, नंतर मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात नोकरी. हेही शिक्षणच, असं मी म्हणतो.

आता पुढचा योग पाहा. 20 मे 1928 रोजी कैरोत मुख्तारच्या ‘इजिप्तची जागृती’ या शिल्पाचं अनावरण झालं: उठू पाहणारा स्फिंक्स आणि शेजारी बुरखा दूर सारणारी शेतकरी बाई. पॅरिसला शिकलेला हा माणूस दगडासाठी मात्र पूर्वजांकडेच, अस्वानच्या ग्रॅनाइटकडे गेला. त्यानंतर चार आठवडेही लोटले नाहीत, तोच 16 जूनला पुण्यात भांबुर्ड्याला, आजच्या शिवाजीनगरात, करमरकरांच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांचं अनावरण झालं.

त्या घोड्याच्या अंगात लंडनची तालीम दिसते, हे खरंच. पण मला कौतुक वाटतं ते ओतकामाचं. साडेतेरा फुटी ब्राँझचा पुतळा, तोही एकसंध ओतायचा! हे काम झालं कुठे, तर जहाजं दुरुस्त करणाऱ्या माझगाव डॉकमध्ये. साच्यातली हवा कोंडली किंवा मेटल मध्येच थंडावलं, तर अख्खा जॉब रिजेक्ट. हे तुम्हाला मी काय सांगणार? पुतळ्याखाली शिल्पकाराचं नाव आपण शोधतो. मोल्डरचं, भट्टीवाल्याचं नाव विचारायची आपल्याकडे रीत नाही, आणि ही उणीव मला खुपते. पुढे पुतळा रेल्वेनं घाट चढून पुण्याला आला, म्हणजे या आपल्या चिंचवड स्टेशनावरूनच गेला असणार!

मुख्तार 1934मध्येच गेला. करमरकरांना 1967पर्यंत आयुष्य लाभलं. सासवण्याच्या त्यांच्या घरी आज संग्रहालय आहे. तिथली कितीतरी माणसं आणि जनावरं साध्या सिमेंटची आहेत. सिमेंटला ना भट्टी लागते, ना आश्रयदाता. तिथे गेलात तर कोळणीपाशी जरा जास्त वेळ थांबा. मला स्वतःला ती पुण्याच्या घोड्याहून सरस वाटते.