काळा घोडा तेवढा राहिला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आठवणीत राहिलेल्या एका दिवसावर बोला, असा निरोप आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच दिवस आला. तो दिवस मी कधी कवितेत आणला नाही. आणता आला नाही, असं म्हणणं जास्त खरं आहे.

१९९० सालचा डिसेंबर महिना. मी बी.ए. होऊन बार्शीच्या बाजारात एका अडत दुकानात पट्ट्या लिहीत होतो. दिवसभर तुरीचे आणि ज्वारीचे आकडे, रात्री कविता. माझे दोन दोस्त होते. एकाला आम्ही मास्तर म्हणायचो. तो पुढे खरोखरच मास्तर झाला. दुसरा पैलवान. तालमीत कमी आणि तालमीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर जास्त दिसायचा, तरी पैलवानच. तिघांपैकी कुणीही मुंबई पाहिलेली नव्हती. पैसे साठवायला आम्हाला चार महिने लागले.

निघायच्या आदल्या रात्री अब्बांनी मला एक जुनं पोस्टकार्ड दिलं. त्यावर माझ्या चाचांचा पत्ता होता, सातरस्त्याजवळच्या एका चाळीचा. चाचा मुंबईत गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांतले एक माझे चाचा. संपात दोन महिने ते घरी येऊन राहिले, मग परत गेले ते गेलेच. शेवटचं कार्ड १९८४चं. ‘गिरणीचं काय ते ठरलं की येतो,’ एवढाच मजकूर. गिरणीचं काय ठरलं ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तो संप कुणी रीतसर मागेसुद्धा घेतला नाही.

घरात माझी दादी होती. तिला दिसणं जवळजवळ बंद झालेलं. दर ईदला ती एका माणसाचा शीरखुर्मा झाकून ठेवायची. अब्बा मला म्हणाले, “गाडी से उतरते ही पहले चाचा के पास जा. बाकी मुंबई कहीं भागती नहीं.”

बार्शीहून कुर्डुवाडीपर्यंत तेव्हा छोटी गाडी होती. १८९७ साली सुरू झालेली ही बार्शी लाइट रेल्वे आमच्या गावाची शान. चालत्या गाडीतून उतरून लघवी करून परत चढता येतं, असा तिचा लौकिक. आता तिथं मोठे रूळ आले आणि ती गंमत गेली. कुर्डुवाडीला रात्रीची मुंबईची गाडी पकडली, आणि सकाळी सात वाजता आम्ही व्ही.टी. स्टेशनावर उतरलो. तेव्हा ते व्ही.टी.च होतं.

आता खरं सांगतो. मला चाचांकडे आधी जायचं नव्हतं. काय ऐकायला मिळेल, याची भीती होती. माणूस सहा वर्षं पत्र लिहीत नाही, त्याचं काहीही झालेलं असू शकतं. शिवाय समोर मुंबई होती. मी दोस्तांना म्हणालो, “संध्याकाळी जाऊ, चाचा कामावरून आल्यावर.” हे मी मनानेच ठरवलं होतं. चाचा काय काम करतात, हे मला कुठं ठाऊक होतं?

स्टेशनासमोरच्या इराण्याकडे ब्रून-मस्का खाल्ला. पैलवानानं सहा पाव संपवले आणि इराण्याला विचारलं, “भाकरी हाय का?” मग चालत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटनचं ते १८६४चं कारंजं आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राचं स्मारक. मास्तर तिथं एकदम गंभीर झाला. शाहीर अमर शेख आमच्या बार्शीचे. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचं मूळ नाव. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफानं आणि पहाडी आवाजानं मैदानं हलवली. ते १९६९ साली अपघातात गेले तेव्हा आम्ही रांगतही नव्हतो, पण त्यांच्या गोष्टी ऐकतच वाढलो. मास्तरनं भर रस्त्यात हात वर करून मला सांगितलं, “हितं आपल्या गावचा माणूस गायलाय. तू पण लिही.” अमर शेख नेमके त्याच चौकात गायले होते का, ते मास्तरला माहीत नव्हतं आणि मला विचारायचं नव्हतं.

तिथून काळा घोडा. पैलवानाला या नावाची फार उत्सुकता. घोडा म्हणजे त्याच्या आवडीचा विषय. आम्ही चौक तीनदा पालथा घातला. मोटारींची रांग होती, जहांगीर आर्ट गॅलरी होती, घोडा काही दिसेना. शेवटी एका हवालदारानं सांगितलं की घोडा आणि त्यावरचा इंग्रज राजपुत्र १९६५ सालीच इथून उठवून राणीच्या बागेत नेऊन ठेवलाय. पैलवान म्हणाला, “मग नाव कशापायी ठिवलंय?” हवालदारानं उत्तर दिलं नाही. आता २०१७पासून तिथं नवा घोडा उभा आहे, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. पैलवानाला तोही पटला नसता.

गेटवे पाहिलं. मग टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या तीस पायऱ्यांवर बसून मी पिशवीतून कवितांचं पाकीट काढलं. हे माझं गुपित काम. फोर्टातच एका साप्ताहिकाची कचेरी होती. तिथं स्वतः जाऊन कविता द्यायच्या होत्या. त्याच वर्षी सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. मांडवात मागच्या रांगेत बसून मी ते ऐकलं होतं, आणि आपणही यांच्यातले, असं मनात घेऊन आलो होतो.

कचेरीतल्या गृहस्थांनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि फार प्रेमानं म्हणाले, “उर्दू पेपरची ऑफिसं इकडे नाहीत हो. भेंडीबाजाराकडे चौकशी करा.” मी म्हणालो, “मराठीच आहेत.” त्यांनी पाकीट उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसऱ्या कुणाची वही घेऊन आलोय. वाईट माणूस नव्हता. पाणी दिलं, बसा म्हणाला. बाहेर आल्यावर मास्तर संतापला, परत जाऊन जाब विचारतो म्हणाला. मला हसू आलं. नंतर पस्तीस वर्षांत “तुम्ही मराठीत कसं काय लिहिता?” हा प्रश्न इतक्यांदा ऐकला, की ते हसू पुरवून पुरवून वापरावं लागलं. त्या कविता छापून आल्या नाहीत, हेही सांगून टाकतो. वाईटच होत्या.

दुपारी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून शेंगा खाल्ल्या. समुद्राकडे बघत पैलवान म्हणाला, “एवढं पाणी, आन् एक घोट पिता येत न्हाई. आमच्याकडं तेवढं बी न्हाई.” चौपाटीवरून आम्ही डबलडेकर बस धरली, वर, अगदी पुढच्या काचेजवळ. बेस्टच्या या बसगाड्या १९३७पासून धावत होत्या. त्यांतली शेवटची जुनी गाडी २०२३च्या सप्टेंबरात बंद झाली, ती बातमी वाचताना मला पैलवानाची मान आठवली. झाडाची फांदी काचेवर आली की तो दर वेळी खाली वाकायचा.

हाजी अलीला उतरलो तर भरती. दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली. दर्गा समोर पांढराशुभ्र, आणि मध्ये लाटा. आता तिथून कोस्टल रोड गेलाय, तेव्हा किनारा उघडा होता. लोक शांत बसले होते. पाणी उतरेल, वाट दिसेल, मग जाऊ. एक फुलवाला म्हणाला, “तास-दीड तास.” मास्तरनं मला विचारलं, “तवर चाचांकडं जाऊन यायचं का?” मी म्हणालो, “एवढं आलोय तर दर्शन घेऊनच जाऊ.” दीड तासानं पाणी ओसरलं. ओल्या वाटेवरून आम्ही तिघं गेलो, बार्शीच्या भगवंताच्या देवळात तिघं जायचो तसेच. मास्तरनं चादरीला हात लावून डोळे मिटले. मी काय मागितलं, ते मला आठवत नाही.

तिथून रेसकोर्सच्या बाजूनं महालक्ष्मी स्टेशन. पुलावर पुन्हा थांबलो, कारण खाली धोबीघाट. दगडी हौदांच्या रांगा, कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं, आणि दोऱ्यांवर सगळ्या मुंबईचे कपडे. पलीकडे गिरण्यांच्या चिमण्या. बऱ्याच चिमण्यांना धूर नव्हता.

चाळ सापडली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. “कोण व्हयो तुमका?” त्यांनी विचारलं. मी चाचांचं नाव सांगितलं. त्यांना कळेना. मी म्हणालो, “बार्शीचे.” “अरे, बार्शीकर!” असं म्हणून त्यांनी आत हाक मारली.

चाचा जिवंत होते. खाकी शर्टाची बटणं लावत बाहेर आले. केस पांढरे, गाल बसलेले. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. मग म्हणाले, “कधी इलंस?” माझे चाचा, बार्शीच्या गल्लीत वाढलेले, मालवणी बोलत होते. खोलीत एके काळी सगळे कोकणातले गिरणीवाले होते. बावीस वर्षांत ती भाषा त्यांच्या जिभेवर बसली होती. आता खोलीत तिघंच उरले होते.

“सकाळी,” मी म्हणालो.

“सकाळी?” त्यांनी विचारलं. हातातल्या टॉवेलची घडी घातली, ती मोडून परत घातली.

ते वरळीच्या एका इमारतीत रात्रीचे वॉचमन होते. संध्याकाळी सातला हजर, सकाळी सातला सुटी. आठ वाजता खोलीवर, मग दिवसभर तिथंच. म्हणजे आम्ही काळा घोडा शोधत होतो तेव्हा ते घरी होते. समुद्राचं पाणी उतरायची वाट बघत होतो तेव्हाही ते घरीच होते.

पाऊण तास मिळाला. त्यांनी स्टोव्हवर चहा केला. मी दादीचं सांगितलं, डोळ्यांचं, शीरखुर्म्याचं. ते ऐकत राहिले. अब्बांनी विचारायला सांगितलं होतं, परत चला म्हणून, तेही विचारलं. म्हणाले, “काय तोंड घेऊन येऊ? संपात तुझ्या बापानं दोन महिने पोसलं. फेडतो म्हणून निघालो होतो.” मग शिट्टी खिशात घालत म्हणाले, “आज खाडा केला तर उद्या दुसरा माणूस उभा असतो. सकाळी आला असतास तर कुणी बदली बघितला असता. एक-दोन दिवस निघालं असतं. तुमच्याबरोबर गाडीतसुद्धा बसलो असतो, कुणी सांगावं.” हे सांगताना ते हसले. तक्रार नव्हती त्यात.

बसथांब्यापर्यंत आम्ही बरोबर गेलो. वाटेत एका बेकरीतून त्यांनी दादीसाठी नानखटाई घेतली, पुडा माझ्या हातात दिला आणि वरळीच्या बसमध्ये चढले. खिडकीतून खाकी बाही दिसली, मग गर्दी मध्ये आली.

रात्रीच्या गाडीत आम्ही फारसं बोललो नाही. पहाटे कुर्डुवाडीच्या फलाटावर छोट्या गाडीची वाट बघताना मास्तर म्हणाला, “खरं काय ते सांग घरी.” पैलवान काही बोलला नाही.

घरी दादी दारातच बसली होती. नानखटाई हातात दिली तर ती कितीतरी वेळ नुसता वास घेत राहिली. अब्बांनी विचारलं, “मिला?”

“मिले.”

“कितनी देर बैठे उसके पास?”

मी म्हणालो, “दिनभर.”

दादी सरसावून बसली. “क्या क्या दिखाया मेरे बच्चे ने?” मग मी सांगत सुटलो. गेटवे चाचांनी दाखवलं. तीस पायऱ्यांवर चाचा बरोबर बसले. दुमजली बसमध्ये चाचांनी वर पुढं जागा धरली. हाजी अलीला पाणी उतरेपर्यंत चाचा आमच्याबरोबर थांबले. जे जे पाहिलं होतं तिथं तिथं मी त्यांना उभं केलं. दादी मान हलवत होती, मध्येच थांबवून “फिर?” म्हणत होती. अब्बा उठून बाहेर गेले. त्यांना कळलं असावं.

संध्याकाळी दोस्त आले. दादीनं पैलवानाला जवळ बसवून विचारलं, “मेरे बेटे ने अच्छा फिराया क्या रे तुमको?” पैलवानानं माझ्याकडे पाहिलं, त्या पुड्याकडे पाहिलं. म्हणाला, “व्हय आजी, समदी मुंबई दावली चाचांनी. काळा घोडा तेवढा राहिला.”

दादी पुढच्या उन्हाळ्यात गेली. तार मिळून चाचा निघाले, पण माती मिळाली नाही. पोचले ते जियारतीच्या दिवशी. गल्लीतल्या बायका त्यांना सांगत होत्या, तुमच्या अम्मा साऱ्यांना सांगायच्या, माझ्या मुलानं पोरांना दिवसभर मुंबई दाखवली, फक्त काळा घोडा राहिला. चाचा ऐकत होते. एकदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

रात्री अंगणात दोन बाजा टाकल्या होत्या. मला वाटलं, ते झोपले. बऱ्याच वेळानं अंधारातून त्यांचा आवाज आला, “घोडा रानी के बाग में है. अब आया तो दिखाता.” आणि कूस बदलून म्हणाले, “सुबू को आना.”