जुन्या मोटारीची टायमिंग चेन

श्रोतेहो, मोटारीविषयी बोलण्याचा अधिकार मजकडे नाही, हे आरंभीच कबूल करतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, देवणीत मुलांस गणित शिकविण्यात आयुष्य घालविलेला मनुष्य. परंतु माझ्या दारी एक प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या कंपनीची ही कुर्ल्यास बनलेली गाडी. मुंबईच्या टॅक्सींतून ती 2023 साली कायमची निवृत्त झाली. माझी मात्र चालू होती.

गेल्या वर्षी इंजिनाच्या पुढल्या अंगास खडखड सुरू झाली. एका कारागिराने कान न लावताच निकाल दिला, "मास्तर, इंजिन संपले, भंगारात काढा." नोंदणीचे नूतनीकरण तोंडावर आलेले. मी लांब पेचकसाची मूठ कानाशी धरून टोक ठिकठिकाणी टेकविले. आवाज पुढच्या झाकणाआडून येत होता. तेथेच टायमिंग चेन असते.

हिचे काम असे. पिस्टनांनी फिरणारा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो, तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकच घेतो. म्हणून कॅमच्या चाकास दाते दुप्पट. साखळी ताणली जाते असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्या कड्यांच्या खिळी झिजतात व ती सैल होते. दातेही झिजतात, यास्तव चाके जुनी ठेवून साखळी तेवढी नवी घालणे ही खोटी काटकसर होय.

बॅटरीची तार सोडली, चाकांस विटा लावल्या, पाणी काढून रेडिएटर उतरविला. पुलीचा नट सुटेना. शेवटी गाडी गिअरमध्ये घालून नातवास ब्रेकवर बसविले, तेव्हा हलला. पुढे गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन इंजिन हाताने फिरविले, दोन्ही चाकांवरील खुणा समोरासमोर आणल्या व सवयीने त्यांवर खडू ओढला. येथेच मी फसलो. तेलाने खडू पुसला गेला आणि नवी चाके मी अंदाजाने बसविली.

गाडी सुरू झाली, पण धापा टाकू लागली, चढ चढेना. क्षणभर वाटले, तो कारागीरच खरा! रात्री कागदावर हिशेब मांडला. समजा, लहान चाकास 20 दाते आहेत. तर एक दात चुकला म्हणजे क्रँकचे 18 अंश चुकले. व्हॉल्व्ह इतका अवेळी उघडल्यावर बिचारे इंजिन ओढणार कसे? काही इंजिनांत तर अशा चुकीने व्हॉल्व्ह पिस्टनावर आदळतात. मी थोडक्यात बचावलो.

दुसऱ्या दिवशी सर्व पुन्हा उघडले. या खेपेस खुणा सूनबाईंच्या नेलपेंटने रंगविल्या, आणि झाकण लावण्यापूर्वी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरविला. पहिल्या फेऱ्यानंतर खुणा समोरासमोर येत नाहीत. तेथे नवख्याने घाबरू नये, कॅम तेव्हा अर्ध्यावरच असतो. दुसऱ्या फेऱ्याअंती त्या पुन्हा भेटल्या. मग नवे ऑइल सील, नवे पॅकिंग, व झाकण.

पंधरा दिवसांनी गाडी तपासणीसाठी लातुरास आपल्या पायांनी गेली. नेलपेंटची बाटली मात्र अजून माझ्या पान्यांच्या पेटीतच आहे. सूनबाईंनी ती परत मागितलेली नाही.