मध, शिरका आणि बाटलीवरची चिठ्ठी
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज कापसावर बोलणार नाही, एका बाटलीवर बोलणार आहे. सफरचंदाचा शिरका, म्हणजे दुकानात ॲपल सायडर व्हिनेगर म्हणून मिळतो तो, आता तालुक्याच्या गावापर्यंत आला आहे. शिरका आणि मध पाण्यातून घ्या, साखर जाईल, सांधे मोकळे होतील, वजन उतरेल, असे निरोप मोबाईलवर फिरतात. माझं शिक्षण शेतीचं, डॉक्टरकीचं नाही. पण आंबवण, आम्ल आणि पोटॅश हे शेतीशास्त्राचे धडे आहेत, आणि या उपायाचा सगळा डोलारा त्याच तीन खांबांवर उभा आहे. म्हणून बोलतो.

हा उपाय मुळात शेतकऱ्यांच्याच घरातला. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचं लहान डोंगराळ राज्य आहे. दुधाचा धंदा आणि सफरचंदाच्या बागा. गळालेली, डागी सफरचंदं कोण विकत घेणार? ती चिरडून रस काढायचा आणि लाकडी पिंपात भरायचा. आधी यीस्ट रसातल्या साखरेचा मद्यार्क करतं, मग हवा लागली की दुसरे जिवाणू त्या मद्यार्काचं ॲसेटिक आम्ल करतात. झाला शिरका. त्यात साधारण पाच टक्के आम्ल असतं, म्हणून तो टिकतो आणि त्यात घातलेलं लोणचंही टिकतं. मधात पाणी वीस टक्क्यांहून कमी आणि साखर ऐंशी टक्क्यांच्या आसपास, म्हणून तोही नासत नाही. दोन्ही वस्तू घरच्या, वर्षभर टिकणाऱ्या. कडक हिवाळ्यात घरात जे होतं तेच औषध झालं.

ही जोडी त्याहून जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य मध आणि शिरका एकत्र देत. युनानी हकीम त्यालाच सिकंजबीन म्हणतात. आपल्याकडे शिरक्याच्या जागी लिंबू आलं, आणि खोकल्याला अडुळशाच्या रसात मध आला.

व्हरमाँटमधल्या बॅरी गावात डॉ. डी. सी. जार्विस नावाचे नाक-कान-घशाचे डॉक्टर होते. शेतकरी स्वतःला आणि गाईंना काय देतात हे त्यांनी टिपून ठेवलं आणि १९५८ साली ‘फोक मेडिसिन’ हे पुस्तक काढलं. ग्लासभर पाण्यात दोन लहान चमचे मध आणि दोन लहान चमचे शिरका, हा त्यांचा नुस्खा. पुस्तक तुफान खपलं. शेतकऱ्याचं ज्ञान एका डॉक्टरने ऐकून घेतलं, ही गोष्ट चांगलीच झाली. पण त्यांनी त्याला जी कारणं जोडली, ती तपासून घेतली पाहिजेत.

पहिलं कारण पोटॅशचं. शिरक्यातून शरीराला पोटॅशियम मिळतं, असं ते म्हणत. एका मोठ्या चमचाभर शिरक्यात पोटॅशियम अकरा मिलिग्रॅमच्या आसपास. माणसाला दिवसाला लागतं साडेतीन हजार. आणि तुमच्या घरच्या १०० ग्रॅम ज्वारीत ते ३०० मिलिग्रॅमहून जास्त असतं. पोटॅशसाठी बाटली घेणारा माणूस भाकरी खाऊन आलेला असतो!

दुसरं कारण आम्लाचं. जार्विस म्हणत, शिरक्याने शरीर आम्लाच्या बाजूला राहतं आणि ते चांगलं. आजचे विकणारे नेमकं उलट सांगतात, शिरक्याने शरीर अल्कली होतं आणि ते चांगलं. बाटली तीच, गुण उलटा! चोपण जमिनीत जिप्सम टाकून सामू खाली आणता येतो, हे आपण जाणतो. रक्ताचं तसं नाही. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून ७.३५ ते ७.४५ या पट्ट्यात धरून ठेवतात. चमचाभर शिरक्याने तो हलत नाही.

मग यात काहीच नाही का? आहे. मधाने खोकला हलका होतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१८ साली साध्या खोकल्यावर आधी मध घेऊन पाहा, असा सल्ला दिला. जेवणाबरोबर शिरका घेतला तर साखर थोडी कमी चढते, असंही लहान प्रयोगांत दिसलं आहे. पण थोडी कमी चढणं म्हणजे मधुमेह बरा होणं नव्हे. वजनाचं तर ताजं उदाहरण आहे. लेबनॉनमधल्या १२० तरुण मुलामुलींवरचा एक अभ्यास मार्च २०२४ मध्ये छापून आला. शिरक्याने बारा आठवड्यांत सहा-सात किलो उतरतात, अशी बातमी जगभर गेली. नंतर आकड्यांची तपासणी झाली, ते पटण्यासारखे निघाले नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्रकाशकाने तो अभ्यास मागे घेतला. बातमी घरोघर पोचली होती, माघार किती घरांत पोचली?

आता बाटलीवरच्या चिठ्ठीचं. जार्विसांचं पुस्तक गाजल्यावर मध आणि शिरक्याच्या तयार बाटल्या बाजारात आल्या. सरकारने न्यूयॉर्कमधल्या एका व्यापाऱ्याकडच्या बाटल्या जप्त केल्या, पुस्तकंही जप्त केली. १९६४ साली अपील कोर्टाने सांगितलं की त्याच दुकानात पुस्तक विकायला आहे एवढ्यावरून ते बाटलीची चिठ्ठी ठरत नाही. मला हा निकाल पटतो. पुस्तकात मत मांडायला कोणी अडवू नये. पण पैसे घेऊन विकलेल्या बाटलीवर जे लिहाल त्याला बांधील राहा. आपल्याकडेही १९५४ चा कायदा आहे. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करायला त्यात मनाई आहे.

म्हणून चार गोष्टी घरी जाऊन सांगा.

एक, वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि तान्ह्या बाळाला त्यातून जीवघेणा आजार होतो. जन्मल्यावर मध चाटवायची रीत असली तरी ती सोडा.

दोन, मधुमेहाच्या माणसाला मध ही साखरच आहे. बाटलीच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका. यात माणसं दगावतात.

तीन, शिरका कधीही नुसता पिऊ नका. घसा भाजतो, दात झिजतात. तो काचेच्या बाटलीत किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवा, तांब्या-पितळेच्या भांड्यात नको.

चार, तुमचा बचत गट मध विकत असेल तर चिठ्ठीवर वजन, तारीख, गाव आणि कोणत्या फुलोऱ्याचा मध ते लिहा. ‘सर्व रोगांवर रामबाण’ लिहू नका. खत आणि कीटकनाशकांच्या डब्यांवरच्या खोट्या दाव्यांनी आपण पोळलो आहोत. तसा दावा आपल्या हातून दुसऱ्याच्या घरात जाऊ नये.

आजीने खोकल्याला चमचाभर मध दिला, त्यात फसवणूक नव्हती, कारण तिला काही विकायचं नव्हतं. तोच मध कोणी मोठा दावा करून विकायला आणला, की पुरावा मागा. बियाण्याच्या पिशवीची पावती मागता ना, तसाच.